मदत हवी आहे: २०२० मध्ये क्षयरोग घटला की नुसत्या नोंदी?

मंडळी, भारतातल्या क्षयरोगावर कोविडचा काय परिणाम झाला, यावर प्रकल्प करतेय. आलेख काढला आणि तिथेच अडकले.

२०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद आहे. २०२० मध्ये एकदम १८ लाख. २०२१ मध्ये २१ लाखांच्या वर, २०२२ मध्ये पुन्हा २४ लाख. मधे हा एवढा खड्डा.

घरी दाखवलं तर म्हणे, "मास्कमुळे टीबी कमी झाला असेल की!" क्षणभर मलाही पटलं. पण हा जंतू शरीरात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये रुग्ण गायब, असं कसं होईल? शिवाय क्षयाचं निदान करणारी सीबीनॅट, ट्रूनॅट यंत्रं कोरोनाच्या तपासणीला लागली होती, खोकला आला तर लोक लपवत होते.

मार्गदर्शक म्हणतात, ती दोन वर्षं वगळ आणि सरळ रेघ ओढ. मन धजत नाही. आणि ते सहा लाख लोक गेले कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

वगळू नका, तोच तर तुमचा विषय आहे! वार्षिक आकडे सोडा, महिनावार घ्या. क्षयाच्या नोंदींना ऋतूप्रमाणे चढउतार असतो, म्हणून एप्रिलची तुलना आधीच्या एप्रिलशीच करा. फेब्रुवारी २०२० पर्यंतचा कल पुढे वाढवा आणि अपेक्षित व प्रत्यक्ष यांतली फट मोजा.

एक मेख आहे. २०१९ पर्यंतची वाढ बरीचशी खासगी डॉक्टर नोंद करू लागल्यामुळे होती, आजार वाढल्यामुळे नव्हे. तो कल डोळे झाकून वाढवलात तर फट फुगेल.

सहा लाख ही नुसती वजाबाकी. त्यांत कुणी उशिरा आले, कुणी नोंदीविना खासगीत औषधं घेतली, कुणी दगावले. २०२० मध्ये जगभर नोंदी घटल्या, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार क्षयाचे मृत्यू मात्र वाढले, तेही दहाहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच. मास्कवाल्यांना हे दाखवा.

आणि किती संशयितांची थुंकी तपासली, तो रकाना बघितलात का? तपासण्याच कमी झाल्या असतील तर खड्डा कशाचा, ते तिथेच कळेल.

धागाकर्ती

नाही बघितला! मी थेट रुग्णसंख्येवरच उडी मारली होती. आज महिनावार फाईल उघडते. रेघेचं मार्गदर्शकांना कसं सांगायचं, हा प्रश्न उरतोच 🙂