उत्तर: सीतेची आसवं आणि धिंगरी अळिंबी

‘सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत, बुरशी मात्र फक्त मेलेलं कुजवते’ या दाव्यातला पहिला भाग पटला (सीतेची आसवं म्हणजे कास पठारावरचं छोटं रानफूल), दुसरा नाही. आपण भाताच्या पेंढ्यावर वाढवतो ती धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) ही बुरशीच, आणि तीसुद्धा शिकार करते. तिच्या तंतूंवर सूक्ष्म विषारी थेंब असतात. मातीतला किंवा लाकडातला सूत्रकृमी (दोऱ्यासारखा अतिसूक्ष्म किडा) त्यांना टेकला की काही मिनिटांत लुळा पडतो, मग तंतू त्याच्या अंगात शिरून त्याला पचवतात. हे १९८४ मध्येच नोंदलं गेलंय. २०२३ मध्ये तैवानच्या संशोधकांनी ते विष म्हणजे ३-ऑक्टॅनोन नावाचं रसायन असल्याचं दाखवलं.

गरज दोघांची एकच, नायट्रोजन. सीतेची आसवं वाढतात त्या कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) पावसाळ्यात पाणी भरपूर, पण जांभ्यावरची माती अगदी निकस. धिंगरी वाढते त्या लाकडातही कर्ब (कार्बन) भरपूर, नायट्रोजन नावापुरता. कर्ब मात्र सीतेची आसवं हिरव्या पानांतून स्वतः मिळवतात, धिंगरी लाकडातून. पकडण्याची तऱ्हाही वेगळी. सीतेच्या आसवांच्या चिखलातल्या इवल्या पिशव्यांत आधीच बाहेरपेक्षा कमी दाब असतो. झडप उघडताच पाण्यासकट जीव आत ओढला जातो, आणि तेही डोळ्याला दिसणार नाही इतक्या झटक्यात. माझ्या मते या दोघांत धिंगरीच जास्त दुर्लक्षित शिकारी आहे.