'इंटार्सिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: १८व्या शतकातल्या इटालियन फर्निचरवरचा एक लेख मराठीत आणते आहे. जुसेप्पे माज्जोलिनीच्या कामावर आहे. 'इंटार्सिया'ला 'जडावकाम' चालेल का? आणि 'कमोड'चं काय करू?

उत्तर: 'जडाव' म्हटलं की आपल्याला कोंदणातला खडा दिसतो. इंटार्सियाच्या मूळ अर्थाला ते शोभतं. भरीव लाकडात पटाशीनं खाच कोरायची, तिच्यात दुसऱ्या लाकडाचा तुकडा घट्ट बसवायचा. शब्दाचं कूळही तेच. इटालियन 'तार्सिया' आला अरबी 'तर्सी'वरून, आणि त्याच धातूचा आपल्या कानावरून गेलेला शब्द म्हणजे उर्दूतला 'मुरस्सा', रत्नजडित!

अडचण पुढे आहे. मिलानजवळच्या पाराब्यागोचा माज्जोलिनी (१७३८–१८१४) बहुतेक वेळा खाच कोरत नसे. वेगवेगळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे कापून, चित्रासारखे एकमेकांना भिडवून, ते तो सांगाड्यावर सरसानं चिकटवत असे. इटालियनमध्ये यालाही इंटार्सिओच म्हणतात, पण तंत्राचं नाव मार्केट्री. इथे कोंदणच नाही, मग जडाव कसला? 'पच्चीकारी' म्हणावं तर संगमरवर आठवतो. 'जोडकाम' म्हटलं तर सुतार सांधे समजेल. मी सरळ 'विनियरची नक्षी' लिहीन. लाकडाच्या अशा पातळ पापुद्र्याला आपले सुतार विनियरच म्हणतात.

यातली सावली कशी येते तेही लेखात असू द्या, मला ते फार आवडतं. पानाच्या आकाराच्या तुकड्याची एकच कड तापलेल्या वाळूत धरतात. कड करपून तपकिरी होते, आत जावं तसा रंग विरत जातो, आणि सपाट पान वळलेलं दिसू लागतं.

'कमोड' मात्र मुळीच ठेवू नका. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'सोयीचं', आणि वस्तू म्हणजे खणांचं बुटकं कपाट. पुढे इंग्रजांनी शौचपात्र दडवलेल्या खुर्चीला ते नाव दिलं आणि आपल्याकडे तेवढाच अर्थ पोचला. टेबलाचा खण सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा 'खणांचं कपाट' लिहा.

प्रश्नकर्ती: मग हे वाक्य पाहा: 'खणांच्या या कपाटाच्या दर्शनी बाजूला विनियरची नक्षी असून मधल्या गोलात रंगवलेली फुलं आहेत.'

उत्तर: 'दर्शनी बाजू' नेमकं. 'रंगवलेली' तेवढं काढा, तिथे कुंचला लागलेलाच नाही. 'लाकडात साधलेली फुलं' म्हणा.