लॅपटॉप १२५ टक्के, फोर-के मॉनिटर १५० टक्के: एकाच प्रोग्रॅमची अक्षरं धूसर का?

अंबड_ड्रॉइंग
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या ऑफिसात विंडोज ११ चा लॅपटॉप आहे: १५.६ इंच, फुल एचडी, स्केल (अक्षरं-खिडक्या किती मोठ्या दाखवायच्या ते प्रमाण) १२५ टक्के. त्याच्या उजवीकडे २७ इंची फोर-के मॉनिटर, स्केल १५० टक्के. मेन डिस्प्ले लॅपटॉपच. ब्राउझर आणि एक्सेल दोन्हीकडे स्वच्छ दिसतात. पण डिलिव्हरी चलनाचा जुना प्रोग्रॅम मॉनिटरवर ओढला की अक्षरं धुरकट होतात. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की कुठला कुठला ते कळत नाही. मॉनिटरचं रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) २५६० × १४४० वर टाकलं, तर सगळंच बिघडलं. शिवाय माउस मॉनिटरच्या वरच्या भागातून लॅपटॉपकडे जातच नाही, कडेला अडतो. काय करावं?

सातपूर_सपोर्ट
आधी रिझोल्यूशन परत ३८४० × २१६० करा. एलसीडीचे ठिपके ठरलेले असतात. २५६० च्या चित्राचा एक ठिपका तिथे दीड ठिपक्यावर पसरतो, म्हणून सगळंच पुसट झालं. अक्षरं मोठी हवीत तर स्केल वाढवायचं, रिझोल्यूशनला हात लावायचा नाही.

आता प्रोग्रॅमचं. विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय (एका इंचात धरलेले ठिपके). तुमचा लॅपटॉप १२० वर आहे, मॉनिटर १४४ वर. बरेच जुने प्रोग्रॅम सुरू होताना मेन डिस्प्लेचा आकडा एकदाच घेतात आणि शेवटपर्यंत तोच धरून बसतात. तुमचा प्रोग्रॅम तसाच असेल तर तो १२० ने चित्र काढतो आणि विंडोज ते फोटोसारखं १.२ पट ताणून मॉनिटरवर दाखवतं. दोन ठिपके जाडीची शिरोरेषा २.४ ठिपक्यांची होते. तो उरलेला ०.४ ठिपका करड्या रंगाने भरला जातो. तुम्हाला दिसतो तो धूर हाच.

प्रोग्रॅम कुठल्या जातीचा आहे ते अंदाजाने ठरवू नका. टास्क मॅनेजर उघडून डिटेल्समध्ये जा, कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, त्यात ‘डीपीआय अवेअरनेस’ला टिक करा. प्रोग्रॅमपुढे ‘सिस्टीम’ (म्हणजे वर सांगितलेली, आकडा एकदाच घेणारी जात) आलं तर मॉनिटरला मेन डिस्प्ले करा, प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. फरक पडला नाही तर साइन आउट करून परत या.

‘अनअवेअर’ आलं तर मेन डिस्प्ले बदलून उपयोग नाही, कारण तो कायम ९६ नेच काढतो. मग प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या ‘ओव्हरराइड’च्या चौकटीत टिक करून ‘सिस्टीम (एन्हान्स्ड)’ निवडा. साध्या खिडक्या-बटणांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये याने अक्षरं नव्याने, धारदार काढली जातात. चित्रं, लोगो मात्र पुसटच राहतात. कुठे शब्द कापले जाऊ लागले तर ‘ॲप्लिकेशन’ निवडून बघा: तिथे अक्षर स्वच्छ पण बारीक येतं आणि काही फॉर्मवर बटणं एकमेकांवर चढतात. मग दोन्हीतलं कुठलं सोसवतं ते तुम्हीच ठरवा.

गंगापूररोड_पिक्सेल
माउसचं वेगळं आहे. विंडोज स्क्रीन सेंटिमीटरमध्ये मोजत नाही, ठिपक्यांत मोजतं. लॅपटॉपची उंची १०८० ठिपके, मॉनिटरची २१६०, त्यामुळे मॉनिटरच्या अर्ध्या कडेसमोर लॅपटॉपच नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथल्या आकृतीत लॅपटॉपचा चौकोन ओढून खालची कड जुळवा, पण टेबलावरही ती तशीच जुळत असेल तरच. तरीही वर थोडी उडी राहील. लॅपटॉपची स्क्रीन प्रत्यक्षात साधारण १९.४ सेंमी उंच आहे आणि मॉनिटरचे तेवढेच १०८० ठिपके १६.८ सेंमीत बसतात. त्याच पानावर ‘मल्टिपल डिस्प्लेज’मध्ये ‘ईझ कर्सर मूव्हमेंट’ला टिक केली की कडेला अडणं थांबतं.

आणि ‘कस्टम स्केलिंग’मध्ये कुणी आकडा टाकून ठेवला नाही ना, ते जरूर बघा. तो आकडा सगळ्या स्क्रीनना एकच लागू होतो आणि वेगवेगळं स्केल निवडताच येत नाही. टाकला असेल तर तिथूनच बंद करून साइन आउट करा.

अंबड_ड्रॉइंग
कॉलममध्ये ‘सिस्टीम’ आलं. मॉनिटर मेन केला, प्रोग्रॅम परत उघडला, चलन एकदम स्वच्छ. माउसही सुटला. पण दुपारी लाइट जाऊन आली, त्यानंतर उघडलेला प्रोग्रॅम पुन्हा धुरकट!

सातपूर_सपोर्ट
लाइट गेल्यावर मॉनिटर बंद पडतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि तोच मेन होतो. मॉनिटर परत येईपर्यंत जो प्रोग्रॅम उघडाल तो १२० घेऊन बसेल. मॉनिटरवर चित्र येऊ द्या, मग प्रोग्रॅम बंद करून उघडा. सकाळीही आधी मॉनिटरचं बटण, मग लॅपटॉप. पावसाळ्यात हे रोजचं असेल तर मॉनिटर यूपीएसवर घ्या.

गंगापूररोड_पिक्सेल
एक राहिलं. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) बघा. ३० हर्ट्झ असेल तर माउस जड वाटेल. एचडीएमआय १.४ च्या पोर्टवरून फोर-के ३० च्या वर जात नाही, ६० साठी दोन्ही टोकांना एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. नवी केबल आणण्याआधी लॅपटॉपचा पोर्ट कुठला आहे ते तपासा, पोर्टच १.४ असेल तर केबलचे पैसे वाया.