विषय: झोपलेला कॉम्प्युटर उठताना मरतो (मुक्काम अमळनेर)

प्रेषक: अमळनेरकर
सोमवार, रात्री ११.४० (भारतातली वेळ)

मंडळी, नमस्कार.

आखाजीसाठी (अक्षय्य तृतीया) दीड महिना गावी आलोय हे बहुतेकांना ठाऊक आहे. आपल्या परदेशातल्या मंडळाचे वार्षिक हिशोब तिकडूनच पुरे करून पाठवतो असं बैठकीत छातीठोकपणे बोललो होतो आणि ते अजून आलेले नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. कारण सांगतो, बहाणा समजू नका.

घरी मधल्या खोलीत बापूंचा जुना डेस्कटॉप आहे. असेंबल केलेला, विंडोज १०, ८ जीबी रॅम. ऊन चढायच्या आत मी हिशोबाला बसतो, साडेअकराला मशीन स्लीपवर टाकतो, जेवतो आणि कूलरसमोर आडवा होतो. चारला येऊन बघतो तर खलास. हिशोबाची शीट उघडी ठेवली होती ती गायब, विंडोज पहिल्यापासून सुरू. रोज नाही, पण आठवड्यातून चारदा तरी. सकाळी मात्र रात्रभर झोपलेलं मशीन बहुधा शहाण्यासारखं उठतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) प्रत्येक वेळी लाल खूण आणि एकच नाव: कर्नेल-पॉवर ४१. नेटवर शोधलं तर या ४१ची इतकी कारणं निघाली की मशीन नदीत टाकणं सोपं, पण आमच्या बोरीला सध्या पाणी नाही.

आय म्हणते, "तू झोपस तसं ते बी झोपस, पन उठानं नाव लेस नई."

कोणाला अनुभव?

---

प्रेषक: भुसावळकर
सोमवार

ऊन रे भो, दुसरं काय! दुपारीच मरतं ना? ४५ अंशांत माणूस उठत नाही, मशीन काय उठणार. कॅबिनेटचं झाकण काढून कूलरकडे तोंड कर. आणि ४५ला तुम्ही लोक ऊन म्हणता, मे महिन्यात एकदा भुसावळ स्टेशनच्या पुलावर दुपारी दोनला उभा राहून दाखव.

---

प्रेषक: एरंडोलकर काका
मंगळवार

चिरंजीव, रॅमची पट्टी काढायची, सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, परत घट्ट बसवायची. मी तीस वर्षं हेच करत आलो. दहातली सात मशिनं उठतात. बाकी तीन माझ्याने झाली नाहीत.

जमलं तर येताना बिबड्या (ज्वारीचे पापड) आण. तुझ्या काकूने विचारलंय.

---

प्रेषक: यादी सांभाळणारा
मंगळवार

बिबड्या, कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला वगैरे मागण्या कृपया खाजगी टपालाने. मागच्या वर्षी या यादीवर वांग्याच्या भरताचे ६३ मेल झाले होते आणि हॉलच्या बुकिंगचा मेल त्यात बुडाला. (मलाही बिबड्या हव्यात. खाजगीत लिहितो.)

---

प्रेषक: चाळीसगावकर ताई
मंगळवार, उशिरा

भाऊ, तुम्ही लक्षणं सांगितली आहेत पण एकत्र कालवून. मला आधी हे सांगा: चार वाजता तुम्ही आलात, कळ दाबली, तेव्हा नेमकं काय झालं? मशीनचा दिवा झोपेत लुकलुकतो तसा लुकलुकत होता, की पूर्ण विझलेला होता? पंखा फिरून पडदा काळा राहिला आणि काही वेळाने ते आपणहून रीस्टार्ट झालं? की कळेला दादच दिली नाही आणि तुम्ही पुढचं बटण दाबून चालू केलंत? या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्हीनंतर नोंद ४१चीच होते, कारण ४१चा अर्थ एवढाच की 'मागच्या वेळी मला रीतसर बंद केलं नव्हतं'. ती नोंद मेल्याची आहे, मारणाऱ्याची नाही. आणि ती मरतानाही होत नाही, पुढच्या बूटला होते, म्हणून तिच्या वेळेवर जाऊ नका.

भुसावळकर, उन्हाचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. झोपेत प्रोसेसर बंद असतो, त्याचा पंखाही बंद. उन्हाने मरायचं तर ते सकाळी काम करताना मरेल, गार पडून चार-साडेचार तास झोपल्यावर नाही.

आता काम. लाल नोंदीवर दोनदा क्लिक करा, 'तपशील' उघडा. तिथे 'बगचेककोड' नावाची ओळ आहे. तिच्यासमोरचा आकडा प्रत्येक नोंदीसाठी कागदावर उतरवा. शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली किंवा मशीन गोठलं. शून्य नसेल तर विंडोज स्वतः कोसळलं आहे, आणि सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'मिनिडम्प'मध्ये त्याचा पंचनामा पडलेला असेल. तुम्हाला निळा पडदा दिसला नसेल, कारण कोसळल्यावर आपोआप रीस्टार्ट हो अशी खूण मुळातच केलेली असते. सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे ती काढून टाका.

शिवाय ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून टाइप करा: पॉवरसीएफजी, जागा सोडून, स्लॅश ए. (उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत.) या मशीनला झोपेचे कुठले प्रकार येतात ते ती सांगते. जे येईल ते जसंच्या तसं पाठवा.

काका, खोडरबर राहू द्या अजून खिशात.

---

प्रेषक: अमळनेरकर
गुरुवार, पहाटे

ताई, दंडवत. दोन गोष्टी मी खरंच कालवल्या होत्या. आठवून सांगतो: बहुतेक वेळा दिवा पूर्ण विझलेला, कळेला दाद नाही. दोन-तीनदाच पंखा फिरला, पडदा काळा, मी पाणी पिऊन येईपर्यंत काळाच, मग आपणहून रीस्टार्ट.

कागदावर ११ नोंदी उतरल्या. आठ ठिकाणी शून्य. तीन ठिकाणी १५९.

आता गंमत ऐका. बापू ओसरीतल्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने लाइट मांडतात. मळ्यातल्या मोटारीला थ्री-फेज कधी आली, कधी गेली, आणि त्याखाली बारीक अक्षरात घरची लाइट. पाळी हुकली तर कपाशीच्या आधीच्या पाण्याचं गणित चुकतं, म्हणून चाळीस वर्षांची सवय. झोपायला जातानाची नोंद ४२ असते हे मला सापडलं, आणि नीट उठल्यावर 'पॉवर-ट्रबलशूटर'ची १ क्रमांकाची. मी ४२ला जोड म्हणून १ न आलेले दिवस काढले आणि कॅलेंडर भिंतीवरून उतरवून शेजारी ठेवलं. शून्यवाल्या आठपैकी सात दिवशी बापूंच्या अक्षरात 'घर १ ते २' किंवा 'घर १२।। ते ३' असं लिहिलेलं. उन्हाळ्यात सगळं गाव कूलर लावतं तेव्हाच लाइट जाते. भुसावळकरांचं उत्तर एका अर्थी बरोबर होतं, फक्त ऊन मशीनच्या डोक्यात नाही, तारेत शिरलं होतं.

आठव्या दिवसाचा उलगडा भाचीने केला. मोबाइल चार्ज करायला तिने बोर्डातली "एक काळी पिन" काढली होती.

तुम्ही विचाराल, यूपीएस नाही का? आहे. टेबलाखाली, त्याचा हा तिसरा उन्हाळा. इन्व्हर्टरची लाइन फक्त दिवे-पंख्यांना आहे.

स्लॅश एचं उत्तर: स्टँडबाय एस३ उपलब्ध. हायबरनेट: चालू केलेलं नाही. हायब्रिड स्लीप: हायबरनेशन नसल्यामुळे उपलब्ध नाही. फास्ट स्टार्टअप: तेच कारण.

---

प्रेषक: चाळीसगावकर ताई
गुरुवार

बापूंना माझा नमस्कार सांगा. इतकी चांगली लॉग फाइल मला ऑफिसातही कोणी देत नाही.

यूपीएसची बॅटरी मेली आहे असं धरूनच चला. आत १२ व्होल्टची शिशाची असते, आणि २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. खान्देशात तीन उन्हाळे म्हणजे तिची पंचाहत्तरी झाली. बदला, पण खरा घोटाळा तिच्यात नाही.

रॅम म्हणजे माठ समजा. पाझरतोच. त्यातली प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी परत भरावी लागते, नाहीतर आतलं ओसरतं. एस३ झोपेत, म्हणजे नेहमीच्या स्लीपमध्ये, बाकी सगळं बंद असलं तरी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) पाच व्होल्टची एक बारीक धार चालू ठेवतो, तिच्यावर हा माठ भरत राहतो. लाइट गेली की ती धार बंद, आणि तुमची शीट त्या माठातच होती. म्हणजे हे मशीन उठताना मरत नव्हतंच. ते दुपारी एकला झोपेतच गेलेलं असायचं. तुम्हाला चारला कळायचं, एवढंच.

यावर उपाय विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे. हायबरनेट म्हणजे माठातलं सगळं डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवून मशीन पूर्ण बंद करणं. हायब्रिड स्लीप म्हणजे दोन्ही: उतरवूनही ठेवायचं आणि झोपायचंही. लाइट राहिली तर क्षणात उठतं, गेली तर डिस्कवरून परत आणतं. डेस्कटॉपवर ते मुळात चालूच असतं. तुमच्याकडे कोणीतरी हायबरनेट बंद केलंय, त्याच्याबरोबर हायब्रिडही गेलं. कोणी आणि का, ते आठवा.

चालू करायला: पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑन. मग पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपखाली 'अलाउ हायब्रिड स्लीप' ऑन. फास्ट स्टार्टअप आपोआप परत येईल. ते 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू'मधून बंद करा. ते चालू असलं की शटडाउन पूर्ण होत नाही, ड्रायव्हरांची (उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमांची) जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते, आणि तुम्हाला अजून १५९ शोधायचा आहे.

१५९ला सोळावर आधारलेल्या आकडेपद्धतीत (हेक्स) मांडलं की ०एक्स९एफ, म्हणजे 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. झोप किंवा ऊठ म्हणून विंडोजने सांगितलं आणि एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर वेळेत 'हो' म्हणाला नाही. तीन मिनिडम्प मला पाठवा. त्यात पहिलं नाव विंडोजच्या गाभ्याचं निघेल, पण पंचनामा लिहितो तोच, म्हणून. चोर खाली असतो. वायफायचं यूएसबी डोंगल आहे का मागे?

(लॅपटॉपवाले: स्लॅश एमध्ये 'एस० लो पॉवर आयडल' दिसत असेल तर तुमचं प्रकरण निराळं आहे. माझं उत्तर तिथे लावू नका.)

---

प्रेषक: एरंडोलकर काका
गुरुवार

कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी याच यादीवर सी ड्राइव्ह भरल्याची तक्रार अमळनेरकराने केली होती, तेव्हा 'हायबरनेट बंद कर, तीन जीबी सुटतील' हे मीच सांगितलं होतं. माझ्या इथे तेरा वर्षांत एकदा लाइट गेली आहे, तीही वादळात. डोक्यातच आलं नाही.

---

प्रेषक: अमळनेरकर
शनिवार, दुपार

काका, तुमचा काय दोष? आठ जीबी रॅमला त्या फाइलीने साधारण ४० टक्के, तीन-साडेतीन जीबी धरले होते, आणि डिस्क खरंच भरली होती. त्या जागेत मी गेल्या गणेशोत्सवाचे व्हिडिओ ठेवले होते. ते आता पेन ड्राइव्हवर गेले.

आज परीक्षा घेतली. शीटमध्ये एक रकमेची ओळ मुद्दाम सेव्ह न करता ठेवली, मशीन स्लीपवर टाकलं, दिवा लुकलुकायला लागला, आणि भाचीला म्हटलं, काढ ती काळी पिन. घरातले सगळे जमले होते. दिवा विझला. आय म्हणाली, "गयं." पाच मिनिटं थांबलो, पिन लावली, बटण दाबलं. मदरबोर्डचा लोगो, मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरात 'रिझ्युमिंग विंडोज', आणि शीट होती तशी, कर्सर त्याच चौकोनात. बापूंनी काही न बोलता कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहिलं: 'घर १।।, मुद्दाम'.

डोंगल आहे, ताई. राउटर ओसरीत, मशीन मधल्या खोलीत, भिंत दीड हात मातीची. तुम्ही डम्पमधून काढलेलं नाव त्याच्याच ड्रायव्हरचं निघालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवायला उपकरण बंद करू द्यावं का, ही खूण काढली आणि चिप बनवणाऱ्याच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर चढवला. दोन दिवसांत नऊदा झोपवलं-उठवलं, १५९ आलेला नाही. आला तर कळवतो.

हिशोब सोबत जोडले आहेत. हॉलच्या अनामतीत ४० डॉलर जुळत नाहीत. त्या दिवशी लाइट होती, कॅलेंडर बघितलं.

---

प्रेषक: भुसावळकर
शनिवार

४० डॉलर माझ्याकडे आहेत. खुर्च्यावाल्याने परत दिले होते, सांगायचं राहिलं.