नवीन पोरं सगळ्याला "हो सर" म्हणतात आणि मशीनवर गेली की अडकतात, काय करता तुम्ही?

अंबडचा_इंजिनिअर
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) शॉप आहे आमचं. दरवर्षी आयटीआय झालेली पोरं घेतो, कळवण, सुरगाणा, पेठ साइडची बरीच असतात. पहिल्या दिवशी एचआर इंडक्शन घेतं, सेफ्टी, पीएफ, रजा, कॅन्टीन सगळं एका पीपीटीत उरकतात, मग मी लाइनवर फिरवतो आणि प्रत्येक मशीनपाशी विचारतो समजलं का, सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी बघावं तर पोरगं मशीनपुढे नुसतं उभं, शेजारच्याला विचारणार पण नाही. बरं पोरं ढ नाहीत, हात चांगलाय. ओरडलं की अजूनच गप्प. कसं बोलावं यांच्याशी? अजून एक पीपीटी बनवा असा सल्ला नको प्लीज.

जुना_सेटर
साहेब, ते "समजलं का" आधी बंद करा. सगळ्यांसमोर नाही कोण म्हणणार हो?
आता ऑफसेटचंच घ्या, म्हणजे टूल किती सरकवायचं तो मशीनमधे भरायचा आकडा. टूलच्या वेअरला (झिजेच्या रकान्यात) आधीच उणे ०.१२ मिमी आहे, जॉब ०.०५ जाड येतोय, म्हणून अजून ०.०५ कमी करायचंय. फॅनक कंट्रोलच्या मशीनवर उणे ०.०५ टाकून प्लस इनपुट दाबलं तर उणे ०.१७ होतं, बरोबर. नुसतं इनपुट दाबलं तर आधीचं पुसून उणे ०.०५ च राहतं आणि पुढचा जॉब ०.१२ जाड. हे कितीही सांगा, पोरगं मान हलवणार. त्यापेक्षा बटण दाबायच्या आधी विचारा, आत्ता स्क्रीनवर किती दिसतंय आणि दाबल्यावर किती दिसायला पाहिजे? उणे ०.१७ म्हणाला तर दाबू द्या. गडबडला तर तिथंच कळलं, जॉब वाया जायच्या आधी. आणि एका वेळी एकच गोष्ट, ऑफसेट चालू असताना इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलायचं सांगत बसू नका.

एचआरवाली_ताई
सेटरदादांशी सहमत, पण मशीनच्या आधी पोरांच्या डोक्यात पगार असतो आणि तो कोणी नीट सांगत नाही. १८००० ऐकून येतात, हातात कमी पडले की कंपनीने कापले म्हणून रूमवर चर्चा. मी जॉइनिंगलाच कागदावर मांडून दाखवते. बेसिक आणि डीए मिळून १५००० असेल तर पीएफ १२ टक्के म्हणजे १८००, ईएसआय (आजारपणाचा विमा) पूर्ण १८००० वर ०.७५ टक्क्याने १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००), हातात १५८६५. मग सांगते की पीएफ तुझाच आहे, कंपनी पण भरते, आणि ईएसआयमुळे आजारी पडलास तर सातपूरचं हॉस्पिटल आहे. ज्यांचा पगार वेगळा त्यांचा हिशोब वेगळा, प्रत्येकाचा त्याच्यासमोर करायचा. पीपीटीतला रजेचा नियम कोणाच्या लक्षात राहत नाही, गावाकडे कार्य निघालं तर कोणाला आणि कधी फोन करायचा एवढं पक्कं सांगा, न सांगता दांड्या मारणं बरंच कमी होतं.

सुरगाण्याचा_गडी
मी असाच आलेलो, आता क्वालिटीला आहे. सर, आम्ही विचारत नाही कारण कोणाला विचारायचं तेच कळत नाही. सुपरवायझर धावपळीत, सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, विचारलं तर म्हणतो आयटीआयत काय केलं मग. आयटीआयत एका मशीनवर आम्ही इतके जण, ऑफसेटला कधी हात लागला माहित नाही राव. आणि इंडक्शनमधे फर्स्ट पीस अप्रूव्हल, एसओपी, हँडओव्हर असं पटापट बोलतात, तिथं थांबवून विचारायची हिंमत नसते. मला एका काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, काही अडलं तर मशीन बंद कर आणि मला बोलव, कोणी काही बोललं तर माझं नाव सांग. मशीन बंद केलं तर शिव्या पडणार नाहीत हे कळल्यावर मी विचारायला लागलो.

अंबडचा_इंजिनिअर
भारी सांगितलं भावा. एका पोराला एक सेटर असं जोडायचा विचार आहे, पण सेटर आत्ताच कुरकुर करायला लागलेत.

जुना_सेटर
करणारच ना, पोराला शिकवायचं त्यानं आणि संध्याकाळी प्रॉडक्शन कमी का म्हणून ऐकायचं पण त्यानंच. पहिला आठवडा त्याचं टार्गेट कमी करून द्या, बोर्डावर तसं लिहा, तोंडी नको, नाहीतर सेकंड शिफ्टचा सुपरवायझर मानणार नाही. आणि ज्याला शिकवायची आवड आहे तोच निवडा, सगळ्यात हुशार सेटर बऱ्याचदा सगळ्यात चिडका असतो.

अंबडचा_इंजिनिअर
टार्गेट कमी करायला मॅनेजर नाही म्हणणार, लिहून देतो.

एचआरवाली_ताई
मग तोंडी मागू नका, मागच्या बॅचच्या पहिल्या महिन्यातल्या रिजेक्शनचे (वाया गेलेल्या जॉबचे) पैसे काढा आणि तो कागद घेऊन केबिनमधे जा. लंचनंतर जा पण.