मदत हवी आहे : डावा हात भाता सोडायला तयार नाही

नमस्कार. मी बेळगावची, शहापुरात राहते. आमच्या महिला भजनी मंडळात २२ वर्षं पेटी वाजवते. लेक नोकरीला बेंगळुरूला गेली आणि तिचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घरी धूळ खात पडला. वाईट वाटलं म्हणून कॅम्पात एका सरांकडे दर शनिवारी जायला लागले.

त्यांनी सोपं केलेलं 'मिन्युएट इन जी' ही पाश्चात्त्य रचना दिलीय. पुस्तकात नाव जर्मन संगीतकार बाखचं आहे, पण ती रचना क्रिस्टियान पेट्झोल्डची. बाखची बायको आना माग्दालेना, तिच्या १७२५च्या वहीत उतरवलेली सापडली म्हणून १९७०च्या दशकापर्यंत बाखच्या नावावर खपली. आपल्याकडे कुणीही अभंग रचावा आणि शेवटी 'तुका म्हणे' जोडावं, त्यातलाच प्रकार!

उजव्या हाताचं काही अडत नाही. पांढरी पाचला (पाचव्या पांढऱ्या पट्टीला) सा धरला की सरळ प सा रे ग म, प सा सा. मग ध म प ध नी, सां सा सा. नीला तेवढी काळी तीन, बाकी पांढऱ्या. दोन दिवसांत बसलं.

घोळ डाव्याचा आहे. पेटीवर त्याने जन्मभर भाता मारला, स्वर कधी धरलाच नाही. इथे पहिल्या बारला (बार म्हणजे तीन मात्रांचा तुकडा) सा दोन मात्रा, रे एक, मग एकेका बारला ग, म, ग, रे, सा. इथवर कसंबसं जमतं. सातव्या बारला उजवा नी सा रे ग सा पळतो आणि त्याच वेळी डाव्याने प ग सा उतरायचं. तिथे माझा डावा हात पट्ट्या सोडून चक्क हवेत मागेपुढे हलतो! लेकीने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि हसून हसून लोळली.

सर कन्नडच बोलतात, चुकलं की 'निधान, निधान' (हळू, हळू) म्हणतात. पंधरा दिवस निधानच चाललंय, सातवा बार तिथल्या तिथे. पेटीवरून पियानोकडे आलेलं कुणी आहे का इथे? आणि दुसऱ्या भागात मध्येच तीव्र म का येतो?

प्रतिसाद १
ताई, मी निपाणीचा, हाच रस्ता चाललोय. दोन्ही हात एकदम जोडू नका. तुमच्याकडे गळा आहे की! उजव्या हाताची सरगम तोंडाने म्हणा आणि वाजवा फक्त डाव्याने. उजवा हात मांडीवर. गळा आणि डावा हात जुळले की गळ्याच्या जागी उजवा हात आणायचा. मला यानेच सुटलं.

आणि पहिल्यापासून सुरू करू नका. आधी फक्त सातवा-आठवा, मग सहाव्यापासून, मग पाचव्यापासून. नाहीतर पहिले सहा बार पाठ होतात आणि सातवा रोज नवाच राहतो.

प्रतिसाद २
काकू, तीव्र म म्हणून बघू नका. तिथे सा थोडा वेळ पांढरी दोनवर जातो, मग तोच स्वर त्या साचा शुद्ध नी होतो. पुढे परत पांढरी पाचवर येतो.

ताल मोजायला दोन बार मिळून दादरा धरा. मिन्युएट मुळात नाच आहे आणि त्याचं एक पाऊल सहा मात्रांत पुरं होतं. शेजारच्या तबलजींना बसवलंत तरी चालेल. :)

धागाकर्ती
दोघांचे आभार. काल एकादशीचं भजन होतं, आज बसले. गाऊन डाव्या हाताने वाजवलं, सातवा बार चारदा बरोबर आला. पाचव्यांदा उजवा हात मांडीवरून उठला आणि सगळं मोडलं. म्हणजे आता तोही शिकवायला लागणार.

एक राहिलंच. पेटीवर भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. इथे डाव्याचा लांब ग दोन मात्रांतच विरतो, म्हणून मी तो परत दाबते. सर म्हणतात दाबायचा नाही, विरू दे. कान ऐकत नाहीत हो. याला काय करता तुम्ही?

प्रतिसाद १
मी पहिला महिना कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावून वाजवायचो, त्यात पट्टी दाबलेली आहे तोवर स्वर टिकतो. सरांना सांगू नका.