‘इम्प्रेशनिझम’ला मराठीत काय म्हणावं?

इम्प्रेशनिझम या चित्रशैलीतला फ्रेंच चित्रकार मोने, त्याच्यावरचा लेख मराठीत आणते आहे. विश्वकोशात ‘दृक्प्रत्ययवाद’ सापडला, हिंदीत ‘प्रभाववाद’ चालतो. दुसरा सोपा वाटतो. ‘प्रत्यय’ म्हटलं की मला शाळेतले विभक्तीचे प्रत्ययच आठवतात! ‘प्रभाववाद’ घेऊ का?

—

कृपया नको. मराठीत प्रभाव एकाचा दुसऱ्यावर पडतो. जपानी छापचित्रांचा या चित्रकारांवर खरंच प्रभाव होता; आता ‘प्रभाववादावरील जपानी प्रभाव’ असं लिहून बघा. ‘संस्कारवाद’ही तसाच फसवा, वाचकाला शुभंकरोती आठवेल.

‘प्रत्यय येणे’ मात्र नेमकं आहे. मोनेने 1892 ते 1894 या काळात रुआँ शहरातलं एकच कॅथेड्रल तिसाहून अधिक वेळा रंगवलं. दगड तेच, पण सकाळी, उन्हात, धुक्यात डोळ्यांना येणारा प्रत्यय निराळा. त्याला रंगवायचा होता तो हा प्रत्यय. दृक् म्हणजे नजर, तिला आलेला प्रत्यय. मला हा शब्द फार आवडतो.

—

अर्थ पटला, पण या शब्दात मूळ नावातली बोच हरवते. 1874 साली पॅरिसला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन भरलं. त्यात ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाच्या चित्राला मोनेने ‘इम्प्रेशन’ म्हटलं होतं. ते पकडून लुई लरुआ या टीकाकाराने सगळ्यांनाच ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणवलं. रोख असा, की भिंतीला चिकटवायच्या कागदाचा कच्चा नमुनासुद्धा या चित्रापेक्षा पुरा असतो! ‘दृक्प्रत्ययवादी’ म्हणून कुणाला हिणवता येईल का? भारदस्त पदवी वाटते ती. मला ‘टिपण’ जवळचं वाटतं: घाईत केलेली नोंद, शिवाय डोळ्यांनी टिपणं. पण ‘टिपणवाद’ कुणी म्हणणार नाही, हेही खरं.

शिवाय याच गटातल्या देगा या चित्रकाराचं काय? त्याला हे नावच नकोसं होतं. उघड्यावर बसून चित्र काढणं त्याला पसंत नव्हतं. नर्तकींची चित्रं तो स्टुडिओत, रेखाटनांवरून आणि आठवणीतून करायचा. त्याला ‘दृक्प्रत्यय’ कितपत लागू पडतो?

—

म्हणून मी दोन शब्द वेगळे ठेवते. माणसांना आणि त्यांच्या गटाला ‘इम्प्रेशनिस्ट’च म्हणावं. ते विशेषनाम आहे, 1877च्या प्रदर्शनात त्यांनी स्वतःच ते मिरवलं. पाहण्याच्या आणि रंगवण्याच्या रीतीला ‘दृक्प्रत्ययवाद’. देगा मग गटात राहतो, रीतीत बसवायची सक्ती नाही.

—

हे जमेल. लरुआच्या परिच्छेदात ‘इम्प्रेशन’ तसंच ठेवते आणि पुढच्याच वाक्यात ‘टिपण’ वापरून टोमणा उलगडते. रुआँपासून पुढे ‘दृक्प्रत्यय’.